कपाट भरलं, पण वर्ग बोलत नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मराठवाड्यातल्या एका गावात सहावी ते आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षिकेनं लिहिलं आहे. आठवीच्या वर्गात ४८ मुलं, तास ३५ मिनिटांचा. गेल्या काही वर्षांत त्यांनी पदरमोड करून बरंच शैक्षणिक साहित्य तयार केलं. फुग्यांची फुप्फुसं, पुठ्ठ्याचा पेरिस्कोप, सेल आणि बल्ब लावलेल्या पाट्या, स्ट्रॉचे सांगाडे. तालुक्याच्या प्रदर्शनात बक्षीसही मिळालं. मुलांना त्यांचा तास आवडतो. पण प्रयोग संपला की पहिला प्रश्न येतो, "बाई, निष्कर्ष काय लिहायचा?" चाचणीत 'असं का झालं?' विचारलं की गाइडमधलं वाक्य जसंच्या तसं उतरतं. मुख्याध्यापकांच्या मते या खेळात पोर्शन मागे पडतो. एक सहकारी म्हणतात, "आपल्या पोरांना एवढा विचार झेपत नाही." अशातच गावानं लोकवर्गणी जमवली आहे आणि शाळा व्यवस्थापन समितीला त्यातून तयार प्रयोगपेटी घ्यायची आहे. पेटी विकणारा सांगतो की तिच्यामुळे मुलांमध्ये चिकित्सक विचार वाढतो. शिक्षिका विचारतात: पेटी घ्यावी, की हे सगळं बंद करून खडू-फळ्याकडे वळावं? माझं नेमकं चुकतंय कुठे?

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते तुमचं कपाट नव्हे आणि बक्षीसही नव्हे. मुलांचे हात गुंतलेत, चेहरे खुललेत, तरी डोकं चालत नाहीये, हे तुम्ही टिपलंत. साहित्य वापरणाऱ्या पुष्कळ वर्गांत ही गोष्ट कुणाच्या लक्षातच येत नाही. वर्ग गजबजलेला दिसला की तपासणीला आलेले साहेब खूश, पालक खूश, आणि आपल्यालाही वाटतं की शिकणं झालं.

हे फक्त तुमच्या गावात घडतं असंही नाही. इयान अब्राहम्स आणि रॉबिन मिलर या दोघांनी इंग्लंडमधल्या माध्यमिक शाळांमध्ये विज्ञानाचे प्रयोगाचे २५ तास वर्गात बसून पाहिले आणि २००८ साली त्यावर लिहिलं. मुलांकडून वस्तू हाताळून घेणं, सांगितलेली कृती करून घेणं शिक्षकांना चांगलं जमत होतं. त्या कृतीमागच्या कल्पनेवर मुलांना विचार करायला लावणं मात्र फारच कमी साधत होतं. तिथं प्रयोगशाळा होत्या, साहित्य होतं, प्रशिक्षित शिक्षक होते. म्हणजे खोट तुमच्या पुठ्ठ्याच्या पेरिस्कोपात नाही आणि "आपल्या पोरांत"ही नाही.

आता "निष्कर्ष काय लिहायचा?" या प्रश्नाकडे थोडं वेगळ्या बाजूनं बघू. तुम्हाला त्यात मुलांचा आळस दिसतो. मला त्यात मुलांचा अनुभव दिसतो. निष्कर्ष आधीच ठरलेला असतो, तो पुस्तकात छापलेला असतो, आणि समोर काहीही घडलं तरी वहीत तोच उतरवायचा असतो, हे मुलं चार-पाच वर्षांत पक्कं शिकलेली असतात. आधी धडा शिकवायचा, मग धड्यातलं खरं आहे हे दाखवायला साहित्य काढायचं, हा आपल्या सगळ्यांचा क्रम. उत्तर माहीत असताना विचार करायचं कारण उरत नाही. मुलं समंजसपणे वागतायत. तुमच्या पत्रावरून वाटतं की तुमचाही क्रम हाच आहे: धडा, मग साहित्य, मग निष्कर्ष. बदलायचंय ते इथं.

सहकाऱ्यांच्या वाक्याबद्दलही बोलायला हवं, कारण ते तुमच्या मनात थोडं रुतलेलं दिसतं. तुमच्या वर्गात शेतकऱ्यांची मुलं असणारच. त्यांना विचारा, मोटार सुरू करायच्या आधी तिच्यात पाणी का भरतात? फूटव्हॉल (पाइपाच्या तळाची झडप) गळायला लागला की काय होतं? उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं की मोटारही खाली का उतरवावी लागते, वरूनच लांब पाइप का सोडत नाहीत? एखादं पोरगं सहज सांगेल, "हवा धरते बाई, मग पाणी उचलत नाही." हा हवेच्या दाबाचाच धडा आहे. मोटार पाणी 'ओढते' असं आपण म्हणतो, पण बाहेरची हवा विहिरीतल्या पाण्यावर दाब देते म्हणून ते पाइपात चढतं. त्या दाबाची ताकद फार तर १० मीटरभर पाणी उचलण्याएवढी, आणि प्रत्यक्षात सातेक मीटरच्या पुढं मोटारीचा जीव निघतो. म्हणून मोटार पाण्याच्या जवळ न्यावी लागते. बापाबरोबर विहिरीत उतरून हे पाहिलेलं मूल हवेच्या दाबाच्या प्रश्नाला व्याख्या लिहून मोकळं होतं, याचा अर्थ त्याला विचार झेपत नाही असा नाही. शाळेत तो कुणी मागितलेला नाही, एवढंच.

एका प्रयोगावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तो तुमच्या कपाटात नक्की असेल आणि सगळी गोम त्याच्यात आहे. ताटलीत पाणी, मधोमध जळती मेणबत्ती, वर उपडा काचेचा ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं. आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत याचं कारण एका दमात पाठ केलंय: ग्लासातला ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्यानं घेतली, आणि हवेत ऑक्सिजन एक पंचमांश असतो म्हणून पाणीही तेवढंच चढलं. ऐकायला छान, लक्षात राहायला सोपं.

आता हाच प्रयोग पुढच्या आठवड्यात वेगळ्या रीतीनं करा. मेणबत्ती पेटवायच्या आधी विचारा, "पाणी कधी चढेल? मेणबत्ती जळत असताना हळूहळू, की विझल्यावर?" हात वर करायला लावा आणि दोन्ही आकडे फळ्यावर लिहा. ऑक्सिजन जळता जळता संपत असेल तर पाणीही जळता जळताच चढायला हवं, असं तर्कशुद्ध मूल म्हणेल. मग करा. ज्योत चालू असताना पाणी फारसं हलत नाही. ग्लास ठेवताना काठाखालून बुडबुडे बाहेर पडलेलेही कधी दिसतील. ज्योत विझते आणि मग पाणी झपकन वर येतं. आता गप्प बसा. हे सगळ्यात अवघड असतं, पण बसा.

कुणीतरी म्हणेल, "बाई, पुन्हा करा." करा. मग दुसरा प्रश्न टाका: एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर? ग्लास तोच, त्यातली हवा तीच, ऑक्सिजनही तेवढाच. पाठ केलेलं कारण खरं असेल तर पाणी तेवढंच चढायला हवं. पुन्हा हात वर, पुन्हा आकडे फळ्यावर. तीन मेणबत्त्यांनी पाणी चांगलंच जास्त चढतं. इथं पुस्तकी वाक्याला तडा जातो, आणि तो तुम्ही पाडलेला नसतो, मुलांच्या डोळ्यांसमोर पडलेला असतो.

मग हवा तापण्याची गोष्ट कुणाच्या तरी तोंडून येते. आली नाही तर पाण्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली घ्या, तिच्यात गरम पाणी घोळवून ओतून द्या आणि झाकण घट्ट लावा. थोड्या वेळात बाटली चेपते. इथं मेणबत्ती नाही, काही जळलेलं नाही, तरी आतली वाफ आणि तापलेली हवा थंड झाली आणि बाहेरच्या हवेनं बाटली दाबली. मेणबत्तीजवळची हवा तापून फुगते, थोडी बाहेर निसटते, ज्योत विझल्यावर उरलेली थंड होऊन आकसते आणि बाहेरचा दाब पाणी आत ढकलतो. ऑक्सिजन वापरला जातो हे खरंच आहे, पण तो पूर्ण संपायच्या बऱ्याच आधी ज्योत विझते आणि त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड व वाफ तयार होते. पाणी चढण्यात त्याचा वाटा अगदीच नाही असं नव्हे, मुख्य कारण मात्र तो नाही.

बघा, साहित्य तेच राहिलं. एक मेणबत्ती, एक ग्लास, एक ताटली. बदललं ते एवढंच की मुलांनी आधी अंदाज बांधला, त्या अंदाजाला कारण दिलं, तो चुकू शकेल अशी वेळ आली, आणि बाईंनी उत्तर सांगायची घाई केली नाही. चिकित्सक विचार म्हणून जे काही असतं ते या चार-पाच मिनिटांत घडतं. ते कुठल्या पेटीत भरून येत नाही, आणि फळ्यासमोर बसूनही ते थोडंफार होऊ शकतं. पण हातात वस्तू असली की मोठा फायदा असा होतो की चूक ठरवायला बाईंची गरज लागत नाही. ताटलीतलं पाणीच सांगतं. संकोची मुलाला बाईंकडून चूक ठरणं लागतं, पाण्याकडून चूक ठरणं तेवढं लागत नाही.

आणखी एक खाच. मुलांना तयार प्रयोग देण्याऐवजी प्रयोग ठरवायला द्या, निदान अधूनमधून. यासाठी दोरी आणि दगडाच्या लंबकासारखं साहित्य नाही. विचारा, "जड दगड बांधला तर झोका लवकर पुरा होईल की उशिरा?" वर्ग दुभंगतो. मग सांगा, तुम्हीच तपासा आणि कसं तपासलं ते मला पटवा. एक गट मोठा दगड घेईल, दोरी लहान घेईल आणि जोरानं सोडेलही, तिन्ही एकदम. दुसरा गट भांडेल, "असं कसं, दोरी तर तेवढीच पाहिजे ना!" एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा विज्ञानातला फार मोठा धडा त्या भांडणातून मिळतो. एका झोक्याची वेळ मोजता येत नाही, म्हणून दहा झोके मोजायचे, हेही त्यांनाच सुचू द्या. झोके लहानच ठेवायचे. साधारण १ मीटर दोरीला दहा झोक्यांना २० सेकंद लागतात, २५ सेंटिमीटरला १० सेकंद. दोरी चौपट तर वेळ दुप्पट, हे मुलांनी आपल्या आकड्यांतून काढलं की त्यांचे चेहरे बघा.

एखाद्या गटाला मोठ्या दगडानं थोडा जास्त वेळ लागलेला आढळेल. त्यांचा प्रयोग फसला असं म्हणू नका. मोठ्या दगडाचा मध्य दोरीच्या टोकापेक्षा खाली जातो, म्हणजे लंबकाची लांबीच वाढते. हे त्यांना सांगायचं नाही, फक्त विचारायचं: "तुम्ही लांबी कुठून कुठपर्यंत मोजलीत?" चांगल्या साहित्यात अशी आडवाट असते, आणि तिच्यावर गेलेल्या गटाला शाबासकी द्यायला विसरू नका.

तुमच्या कपाटात अशा आडवाटा किती आहेत ते एकदा तपासा. फुग्यांची फुप्फुसं सुंदर आहेत, पण त्यात मूल काय बदलू शकतं? सेलची पाटी पक्की चिकटवलेली असेल तर बटण दाबलं की दिवा लागणार, दुसरं काही होणारच नाही. त्याऐवजी सुटा सेल, सुटा बल्ब आणि एकच वायरचा तुकडा द्या आणि म्हणा, दिवा लावून दाखवा. सातवी-आठवीची मुलंसुद्धा आधी सेलच्या एकाच टोकाला वायर लावून बल्बकडे नेतात, कारण वीज नळाच्या पाण्यासारखी येते असं त्यांच्या डोक्यात असतं. तो समज बाहेर येण्यासाठी साहित्य सुटं हवं. (सेलची दोन टोकं वायरनं नुसतीच जोडली तर वायर तापते, तेवढं आधी सांगा. आणि भिंतीतल्या प्लगला यातलं काहीही, कधीही लावायचं नाही.) कुठल्याही साहित्याला मी दोनच प्रश्न लावते. मुलाला यात स्वतःहून काही बदलता येतं का? आणि त्याच्या अंदाजाच्या विरुद्ध काही घडू शकतं का? दोन्हींना 'नाही' आलं तर ती वस्तू चित्रासारखी वापरावी. दाखवण्यापुरती ती ठीक असते, तिच्याकडून विचाराची अपेक्षा ठेवू नये.

गटात साहित्य कुणाच्या हातात असतं, हेही एकदा नुसतं बघा. पुष्कळ वर्गांत मुलगे जोडतात, सोडतात, हाताळतात आणि मुली सुवाच्य अक्षरात निरीक्षण लिहितात. सहा जणांच्या गटात दोघांचे हात चालत असतात. तुमचं "मुलं विचार करत नाहीत" हे निरीक्षण त्या बाकीच्या चौघांबद्दल असण्याची शक्यता आहे. गट तीन-चार जणांचे करा आणि प्रत्येक वेळी हात लावणारं मूल बदला. साहित्य तेवढं नसेल तर अर्धा वर्ग अंदाज लिहीत असताना अर्धा करून बघेल.

४८ मुलं आणि ३५ मिनिटं ही अडचण खरी आहे, मी ती उडवून लावणार नाही. म्हणून माझं म्हणणं असं की साहित्य कमी करा. दर तासाला काहीतरी काढायचा हट्ट सोडा. एका सत्रात तीन किंवा चारच प्रयोग निवडा, जिथं मुलांचा समज हमखास चुकतो असे, आणि त्यांना पूर्ण तास द्या, लागला तर जोडतास द्या. बाकीचं बिनधास्त फळ्यावर शिकवा. मूलद्रव्यांच्या संज्ञा, एककं, पेशीच्या भागांची नावं या गोष्टी कुणी आगकाड्या जुळवून शोधून काढणार नाही. त्या नीट सांगाव्याच लागतात, आणि नीट सांगणं हेही कसब आहे. तुम्ही 'हे की ते' असं विचारलंत, पण ती निवड तुमच्यासमोर खरं तर नाहीच. बालभारतीच्या पुस्तकांत 'करून पहा' आणि 'जरा डोके चालवा' असे दोन वेगळे मथळे असतात. निवडक ठिकाणी तुम्ही ते एकत्र करायचे, आणि डोकं चालवणं करून पाहण्याच्या आधी आणायचं.

मुख्याध्यापकांना हे पटवायचं तर पाठाच्या टाचणात आणि गुणांत दिसू द्या. आकारिक मूल्यमापनात (वर्गात वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात) तोंडी काम आहे, प्रात्यक्षिक-प्रयोग आहे, उपक्रम आहे. तिथले गुण सुबक आकृती आणि बरोबर निष्कर्षाऐवजी तीन ओळींना द्या: मला काय वाटलं होतं आणि का, प्रत्यक्षात काय झालं, आता मला काय वाटतं. अंदाज चुकला म्हणून गुण कापायचे नाहीत, कारण दिलं नाही तर कापायचे. हा नियम पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा, नाहीतर मुलं प्रयोग झाल्यावर अंदाज खोडून 'बरोबर' करतात. अंदाज पेनानं लिहायला लावा. चाचणीतही एखादा प्रश्न असा घाला ज्याचं उत्तर गाइडमध्ये असणं शक्य नाही: "एका गटानं लांब दोरीला जड दगड आणि आखूड दोरीला हलका दगड बांधून वेळ मोजली आणि म्हटलं, जड दगडाला जास्त वेळ लागतो. तुम्हाला पटतं का? का?"

हे प्रामाणिकपणे सांगायला हवं की पहिल्या सत्रात वेळ जाईल आणि गुण लगेच वाढलेले दिसतीलच असं नाही. इतकी वर्षं तयार उत्तर मिळालेल्या मुलांना बाई उत्तर देत नाहीत म्हणजे बाईंना येत नाही, असंही वाटेल. दोन-चार पालक तसं बोलूनही दाखवतील. तासाच्या शेवटी तुमचं स्पष्टीकरण द्याच. उत्तर लपवून ठेवायचं नाहीये, ते फक्त मुलांच्या विचारानंतर यायला हवं.

हे आपल्या इथल्या साध्या सरकारी शाळांत होऊ शकतं, याचा दाखला शेजारच्या राज्यात आहे. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद (आताचं नर्मदापुरम) जिल्ह्यात किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ माध्यमिक शाळांमध्ये सहावी ते आठवीसाठी प्रयोगातून विज्ञान सुरू केलं. पुढं ते जिल्हाभर पसरलं, १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेनं ते सांभाळलं, आणि २००२ मध्ये राज्य सरकारनं ते बंद केलं. त्या मुलांच्या पुस्तकात प्रयोग आणि प्रश्न असत, उत्तरं त्यांनी आपल्या वहीत लिहायची. परीक्षेला पुस्तक-वही उघडी ठेवायची मुभा होती आणि प्रात्यक्षिकही होतं. साहित्यापेक्षा मला हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. परीक्षा बदलली म्हणून वर्ग बदलला. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांशी आपलं नातं आहे तेही इथूनच. पुण्यात टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) असलेले गुप्ता १९७८ मध्ये तिकडं गेले आणि आगकाडी व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबपासून त्यांनी सांगाडे करायला सुरुवात केली. त्यातला त्रिकोण घ्या आणि चौकोन घ्या, दोन्ही दाबून बघा. चौकोन कलतो, त्रिकोण हलत नाही. मग मुलांना शाळेच्या पत्र्याच्या शेडकडे बघायला सांगा आणि छपराच्या कैचीत (पत्रे पेलणाऱ्या सांगाड्यात) किती त्रिकोण सापडतात ते मोजू द्या. चौकोनाला कलू द्यायचं नसेल तर कमीत कमी किती काड्या वाढवाव्या लागतील, हे त्यांनाच शोधू द्या.

आता पेटीचा निर्णय. समितीला थेट 'नको' म्हणू नका. गावानं विज्ञानासाठी पैसे काढले ही लहान गोष्ट नाही आणि त्या उत्साहाचा मान राहायला हवा. पेटी विकणाऱ्याला म्हणा, आमच्या वर्गात येऊन एक तास घ्या, आणि ते दोन प्रश्न मनात ठेवून मागच्या बाकावर बसा. पेटीत सुट्या वस्तू असतील, त्या मोडल्या तर तालुक्याच्या बाजारात मिळत असतील आणि वर्गातल्या सगळ्या गटांना एकाच वेळी पुरत असतील, तर ती घ्यायला हरकत नाही. एकच नग, काचेच्या पेटीत, "मुलांनी हात लावू नये" अशा बेतानं ठेवावा लागणारा असेल, तर नाही. माझ्या हातात निर्णय असता तर मी त्या पैशांतून मोजायची साधनं घेतली असती: दर गटाला थर्मामीटर, एक वजनकाटा, मोजपात्रं, स्टॉपवॉच, भिंगं, चुंबकं, मीटरपट्ट्या, दोन मल्टिमीटर (वीज मोजायचे). प्रतिकृती पुठ्ठ्याची चालते, ती तुम्ही करताच. तापमान आणि वजन मात्र अंदाजानं मोजता येत नाही. आणि मोजलेला आकडा हातात असला की वाद घालायला आधार मिळतो.

काही साधनं तर फुकट आहेत. मैदानात एक काठी सरळ उभी रोवा आणि साडेअकरापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवायला दोन मुलं नेमा. बारा वाजता सावली सगळ्यात लहान असेल आणि ऊन बरोबर डोक्यावर असेल, असं जवळजवळ सगळा वर्ग सांगेल. पण बारानंतरही सावली लहान होत राहते. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे आणि तुमचं गाव त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून सूर्य आपल्याकडे माथ्यावरून जातो तो घड्याळात बारा वाजून गेल्यावर. वर्षाच्या बहुतेक दिवसांत तो अगदी डोक्यावर येतही नाही. आपल्याकडे सावली जवळपास नाहीशी होते ती वर्षातून दोनदाच, मे महिन्यात आणि जुलैच्या शेवटाकडे किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला. मे सुट्टीत जातो, दुसऱ्या वेळी ढग असतात, पण उघडीप मिळाली तर काठी रोवायला विसरू नका. आमच्या पुस्तकात चूक आहे का, असं एखादं मूल विचारेल. त्याला पुस्तक उघडून नेमकं काय लिहिलंय ते वाचायला सांगा. पुष्कळदा पुस्तकात ते नसतंच, आपणच ऐकून धरलेलं असतं.

ज्यांच्या शाळेत यातलं काही होत नाही अशा पालकांनाही हे जमण्यासारखं आहे. संत्रं सोलायच्या आधी बादलीत टाका, मग सोलून टाका, आणि दोन्ही वेळा आधी मुलाला विचारा, तरंगेल की बुडेल. साल काढल्यावर हलकं झालं म्हणून तरंगेल असं बहुतेक मुलं म्हणतात. सोललेलं संत्रं बुडतं. सालीत अडकलेली हवा त्याला तरंगवत होती. लगेच सांगू नका एवढंच.

ताई, समितीची बैठक तुमच्याकडे कधी आहे माहीत नाही, पण त्या दिवशी ताटली, ग्लास आणि तीन मेणबत्त्या घेऊन जा आणि प्रयोग आठवीच्या मुलांकडूनच करून घ्या. सरपंचांपासून सगळ्यांना आधी हात वर करायला लावा: पाणी जळताना चढेल की विझल्यावर, आणि तीन मेणबत्त्यांनी तेवढंच की जास्त? आकडे फळ्यावर लिहायला एक मुलगी उभी करा. पेटी घ्यायची की थर्मामीटर, याची चर्चा त्यानंतर सुरू करा, आणि साधनांची यादी मुलांनाच वाचायला सांगा.